अनंता तांडेलाची पाउणकी

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, काशीदची वाट लागायच्या आधी, पंचवीस-तीस घरांचा एक कोळीवाडा होता. तिथं कुणाला भरतीची वेळ हवी असली की तो पंचांग शोधत बसत नसे; सरळ अनंता तांडेलाच्या ओट्याशी येऊन उभा राही. "अनंता, आज पानी कवा चढंल?" एवढंच विचारी. अनंता उजवा हात खांद्यावरच्या रुमालाखाली सरकवी, क्षणभर समोर बघत राही आणि सांगे, "सव्वाआठला." आणि सव्वाआठला खाडीच्या तोंडावरच्या वाळूवर पाणी चढलेलं असे. जकातीच्या नाक्यावरच्या कारकुनाकडे भिंतीवरचं घड्याळ होतं. नवा आला तेव्हा तो या रुमालाखालच्या पंचांगाला पोट धरून हसला. पुढं पावसाळ्यात घड्याळ बंद पडलं, तेव्हा त्यानं ते अनंताला विचारूनच लावलं. तेव्हापासून तो हसायचा थांबला.

हात रुमालाखाली का, तर ती घराण्याची रीत होती. दर्याचा हिशेब उघड्यावर मांडायचा नाही आणि तोंडानं मोजायचा नाही. दर्यानं ऐकलं तर तो शब्द फिरवतो, असं अनंताचा बाप सांगे. म्हणून मोजणी बोटांवर, आणि बोटं झाकलेली. मुलगा पहिल्यांदा मचव्यावर चढला की बाप त्याला ती शिकवी. मुली मचव्यावर चढत नसत, तेव्हा त्यांना शिकवायचा प्रश्नच नव्हता. मोजणी तशी साधी. प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि चौथा शेंडा, अशी बोटामागं चार घरं. जी तिथी असेल तितकी घरं अंगठ्यानं मोजत जायचं. जी बोटं पुरती भरली त्यांचे शेंडे सोडून द्यायचे. जे बोट अर्धवट राहिलं, त्याच्या दर पेरामागं पाव सोडायचा. उरेल ती भरतीची वेळ. अष्टमीला दोन बोटं भरतात. दोन शेंडे गेले, राहिले सहा, तर भरती सहा वाजता.

असा हा माणूस, आणि स्वतःला मात्र अगदी ढ समजत असे. कुणी दोन आकडे बेरजेला सांगितले तरी म्हणे, "ते मना न्हाय इचारायचं, शिकल्या-सवरल्यांना इचारा."

याचं मूळ त्याच्या आठव्या वर्षात होतं. बापानं हौसेनं त्याला खाडीपल्याडच्या शाळेत घातलं होतं. अक्षरं आली, साधे पाढेही बरे चालले. पाउणकीशी घोडं अडलं. पाउणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, असं एका सुरात घोकत जायचं. बाकीची पोरं हेल काढून म्हणत सुटत. अनंता तीन पाऊणनंतर मुका होई. तो सूर त्याच्या जिभेवर चढेचना. आधाराला बोटं पुढं केली, तर पंतोजींची छडी बोटांवरच बसे. एके दिवशी पंतोजी सगळ्या शाळेदेखत म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोळ्याच्या पोरा, गणित तुमच्या पाण्यात नाही." पंतोजींनी आडात कधी वाकून तरी पाहिलं होतं का, हे विचारायची त्या शाळेत कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून अनंता बापाबरोबर मचव्यावर जाऊ लागला आणि भरतीची मोजणी त्यानं महिन्याभरात उचलली. पण ती त्याच्या लेखी दर्याची विद्या होती. गणित वेगळं. ते काठावरचं, छडीखालचं, सूर लावून म्हणायचं. दोन्हींची गाठ घालून बघावी असं त्याच्या मनात कधी आलं नाही. आणि यावं तरी कसं? ज्या दारावर मार खाल्ला त्या दाराशी पुन्हा कोण जातो?

पुढं तो मचव्याचा म्होरक्या, तांडेल झाला. भागुबाईशी लग्न झालं. दोन मुलं तान्हेपणीच गेली. तिसरी रतन, अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत जन्मलेली. त्या साली वाड्यातल्या घराघरातून माणसं उचलली जात होती, तेव्हा ही पोर जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती जगली म्हणून अनंता तिला फुलासारखी जपे. वाड्यातल्या बायका नावं ठेवीत, की पोरीला इतकं डोक्यावर घेतलं तर सासरी कसं निभायचं. अनंता म्हणे, "सासर येईल तवा येईल."

रतन सहा-सात वर्षांची असताना लोकल बोर्डाची शाळा वाड्याजवळच निघाली. बाळाजीमास्तर म्हणून चौलचे एक गृहस्थ तिथं नेमले गेले. सुपारीच्या वाडीत वाढलेला, किडकिडीत, बोलका माणूस. त्यांची एक तऱ्हा होती. पाटीवरचं चुकलेलं गणित ते पुसू देत नसत. शेजारी दुसऱ्यांदा सोडवायला लावीत, आणि मग दोन्हींकडे बघून पोरालाच विचारीत, "कुठं वाट चुकलास ते दाखव." ज्याला दाखवता येई त्याला शाबासकी, मग उत्तर बरोबर असो वा नसो. पालकांना हे सोंग वाटे. चुकल्याबद्दल शाबासकी हा काय प्रकार, असं ते म्हणत. पण पोरं त्या शाळेतून पळून जात नसत, हे तरी त्यांना कबूल करावं लागे.

मास्तरांचं एकच अडेलपण होतं. बोटांवर मोजणं त्यांना खपत नसे. "बोटं म्हणजे पांगुळगाडा," ते म्हणत, "चौथीतल्या पोरानं पांगुळगाडा धरायचा नाही." छडी ते मारीत नसत, पण पोरं हात मांडीखाली लपवून बसत.

रतन चौथीपर्यंत भराभर गेली. वाचनात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकोणतीस सालच्या चैत्रात शाळा तपासणारे दिपोटी परीक्षेला येणार होते. मास्तरांनी अनंताला बोलावून सांगितलं, की पोरगी पास झाली तर तिला अलिबागेच्या मुलींच्या शाळेत घालू. तिथं कोळीवाड्यात तिची आत्या मनुबाई आहेच. सातवी झाली की ती मास्तरीण होईल. अनंतानं हे चार दिवसांत खाडीच्या दोन्ही काठांवर सांगून टाकलं. भागुबाई म्हणाली, "बाजारात तुरी." पण तिलाही आतून बरंच वाटत होतं.

आणि मग, परीक्षेला महिना असताना, पाउणकी आली.

फाल्गुनातली संध्याकाळ होती. अनंता ओट्यावर जाळ्याचं भोक सांधत बसला होता. रतन शाळेतून आली ती रडतच. त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, मना पाउणकी न्हाय येत."

तो शब्द ऐकला आणि अनंताचा हात जागच्या जागी थांबला. तीस वर्षांमागची ती शाळा, ती छडी, ते हसणं, सगळं त्याच्या अंगावर चालून आलं. रतन हुंदके देत पुढं काहीतरी बोलत होती. त्यानं जाळं बाजूला टाकलं, तिला जवळ ओढलं, तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला, "रडू नको, बाय. मनाबी न्हाय आली ती. आपल्या पान्यातच न्हाय. मग त्यात तुझा काय दोष?"

रतनचं रडणं थांबलं. थोडा वेळ ती तशीच राहिली, मग उठून घरात गेली. अनंताला वाटलं, चला, पोरीला धीर दिला आपण. धीर कसला, त्यानं तिला सुटका दिली होती. आणि अकरा वर्षांच्या पोरीला या दोहोंतला फरक कोण सांगणार? त्या रात्री तो गाढ झोपला.

आठ दिवसांनी बाळाजीमास्तर घरी आले. ओट्यावर टेकले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तांडेल, रतनला झालंय काय?"

"काय न्हाय. बरी हाय की."

"बरी कसली? आधी चुकत होती, तेव्हा मला काळजी नव्हती. दहांतली सहा चुकायची, मग पाच, मग चार. आता ती चुकतच नाही. पाटी कोरी ठेवून बसते."

अनंतानं खाली बघितलं. "जाऊ द्या, मास्तर. खाण तशी माती. मनाबी न्हवती येत."

"तुम्हाला कुणी येऊ दिली नसेल," मास्तर जरा तडकूनच म्हणाले. "माझं ऐका. पंधरा दिवस तिला पोटभर चुकू द्या. पास होते की नाही ते मी बघतो. तुम्ही फक्त तिला सांगा, की जमेल."

आता रतन दाराशी आली होती. चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मना न्हाय जमायचं, मास्तर. बाबालाबी न्हाय जमलं."

मास्तरांनी अनंताकडे पाहिलं. अनंतानं एक शब्द बोलायचा होता. तो बोलला नाही. पोरीवर आणखी जुलूम नको असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आपल्याला जे आलं नाही ते तिला येईल, यावर त्याचाही विश्वास नव्हता. मास्तर उठून गेले. परीक्षेच्या दिवशी रतन आईबरोबर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती.

पुढची वर्षं जशी जायची तशी गेली. रतन टोपली घेऊन आईबरोबर बाजाराला जाऊ लागली. पंधराव्या वर्षी काशीदच्या कोंडाजीशी तिचं लग्न लागलं. घर खाऊनपिऊन सुखी, नवरा शांत. नावं ठेवायला जागा नव्हती. तरी सासरी निघताना तिनं शाळेतलं फाटकं वाचनपुस्तक लुगड्यांच्या तळाशी ठेवलेलं भागुबाईनं पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं.

छत्तीस सालच्या दिवाळीआधी बाळाजीमास्तरांची बदली रेवसकडच्या एका शाळेत झाली. त्यांची ट्रंक, वळकटी आणि दोन पोती पुस्तकं अनंताच्याच मचव्यात चढली. आश्विन वद्य एकादशीची सकाळ. खाडीच्या तोंडाशी येऊन मचवा थांबला, कारण वाळूवर अजून पाणी नव्हतं.

"कधी चढेल?" मास्तरांनी विचारलं.

अनंताचा हात सवयीनं रुमालाखाली गेला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि रुमाल उडून मास्तरांच्या पायाशी पडला. रुमाल उचलता उचलता मास्तरांनी वर पाहिलं. अनंताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता.

"सव्वाआठला," अनंता म्हणाला, आणि मास्तर बघताहेत हे ध्यानात येताच त्यानं हात पाठीमागं नेला. चाळिशी उलटलेला, मिशा पिकायला लागलेला तांडेल, सुकाणूला पाठ लावून हात लपवत होता. मास्तरांना ते बघवलं नाही.

"लपवू नका. मला दाखवा काय करता ते."

अनंतानं आढेवेढे घेतले. पण मास्तर चालले होते, पुन्हा कधी भेट होईल न होईल. रीत मोडून त्यानं हात उघड्यावर धरला आणि पेरं, शेंडे, सोडायचा पाव, सगळं सांगितलं. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते.

"तेरस असती तर?"

अनंतानं अंगठा फिरवला. "पावणेदहा."

"सप्तमी?"

"सव्वापाच."

"दशमी?"

"साडेसात. पन तुमी असं का इचारता?"

मास्तरांनी स्वतःच्या बोटांवर अंगठा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "तांडेल, ही पाउणकी आहे."

अनंताला वाटलं, जाता जाता मास्तर थट्टा करताहेत. तो कसनुसा हसला. "पाउणकी तर म्हनायची असते. आमी नुस्ते शेंडे सोडतो."

"चारांतला एक सोडला की तीन राहतात ना? तेच पाऊण. तेरा पाऊण पावणेदहा. सात पाऊण सव्वापाच. दहा पाऊण साडेसात. शाळेत सुरात घोकतात, तुम्ही बोटांवर काढता. गणित एकच." मास्तरांचा आवाज खाली गेला. "आणि मी पोरांना बोटं लपवायला लावत होतो."

अनंतानं पुन्हा मोजलं. एक पाऊण, दीड, सव्वादोन. चौथ्या घराशी तीन. शाळेत जिथं तो मुका व्हायचा तिथून पुढं बोटं आपोआप चालत गेली, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, थेट पौर्णिमेच्या सव्वाअकरापर्यंत. कुठंही अडलं नाही.

दुसरा कुणी असता तर आनंदानं मचव्यात उभा राहिला असता. जन्मभराचा ढपणाचा शिक्का एका घटकेत पुसला गेला होता. अनंताला मात्र त्या आनंदाचा स्पर्शही झाला नाही. त्याला ती फाल्गुनातली संध्याकाळ दिसत होती. पंतोजींनी त्याला जे सांगितलं ते खोटं होतं, ठीक, ते परके होते. पण तेच खोटं त्यानं स्वतःच्या पोरीला, पोटाशी धरून, मायेनं सांगितलं होतं. आणि मायेनं सांगितलं म्हणूनच तिनं ते खरं मानलं होतं. छडीवर पोर चिडली तरी असती. त्याला इतकं दुःख दोन मुलं गेली तेव्हाच झालं होतं. पाणी चढलं, मचवा वाळूवरून पलीकडे गेला आणि रेवसला लागला. उतरताना मास्तर एवढंच म्हणाले, "रतनला सांगा. अजून काही बिघडलेलं नाही."

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अनंता पहाटे उठून काशीदला चालत गेला. भागुबाईनं विचारलं, एवढं काय काम निघालं, तर म्हणाला, पोरीला एक सांगायचं राहिलंय.

कोंडाजी दर्यावर गेला होता. रतन अंगणात जाळ्यातली घाण वेचत बसली होती, आणि जवळच तिची दहा महिन्यांची गोदू गोधडीवर खेळत होती. बापाला असा अचानक आलेला पाहून ती घाबरली. आई बरी आहे ना, म्हणाली. त्यानं मान हलवली आणि पाणीही न पिता तिच्यासमोर बसला.

"बाय, हे बघ," तो म्हणाला, आणि रुमालाशिवाय, भर उजेडात, त्यानं हात तिच्यापुढं धरला. पेरं दाखवली. शेंडे कसे सोडायचे ते दाखवलं. मग एकेक करून सगळी पाउणकी काढून दाखवली. "आपल्याला येत होती, बाय. पहिल्यापासून येत होती. मीच येडा."

रतननं मधे एकदाही टोकलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं जाळं खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "बाबा, मना ठाव हाय."

"कवापासून?"

"तवापासूनच." ती खाली बघून बोलत होती. "रुमालाखाली तुझा अंगठा हलायचा, तो मी लहानपनापासून बघत होते. कुठल्या तिथीला तू काय सांगतोस ते ध्यानात धरून धरून मना कळलं, तू शेंडे सोडतोस ते. मग शाळंत पाउणकी आली. सुरात म्हनताना मी चुकायची, पन मांडीखाली बोटांवर सगळी निघायची. मास्तर बोटं काढू देत न्हवते. म्हनून त्या सांजेला तुला इचारायला आले, की तुझी भरती आनि मास्तरांची पाउणकी एकच हाय का. तू व्हय म्हनला असतास, तर मी मास्तरांना सांगनार होते."

अनंता तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते जाळं आठवत होतं, तिचे हुंदके आठवत होते, छातीशी धरलेलं तिचं डोकं आठवत होतं. असा काही प्रश्न तिनं विचारल्याचं मात्र त्याला आठवत नव्हतं. किती आठवून पाहिलं तरी आठवेना.

"तू इचारलं व्हतंस?"

"इचारलं. तू म्हनलास, आपल्या पान्यातच न्हाय ती." रतननं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. "मग मना वाटलं, सगळ्या वाड्याला भरती सांगनारा माझा बाबा. ही जर पाउणकी असती, तर त्याला कळली नसती का? म्हंजे माझंच कायतरी चुकलंय."

अनंतानं उघडा धरलेला हात मिटला. शेवटी अनंता म्हणाला, "मास्तर म्हनतात, अजून बी शिकता येईल. मी तुला पुस्तकं आनतो. मी कोंडाजीशी बोलतो."

"आता कवा, बाबा?" ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, रागही नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

गोदू रांगत येऊन आजोबाच्या गुडघ्याला धरून उभी राहू लागली आणि त्याच्या तोंडाकडे बघून काहीतरी बडबडू लागली. त्यानं तिला उचललं, तिचं तोंड खांद्याशी दाबून थोपटायला सुरुवात केली. रतन पुढं झाली. तिनं पोरीला त्याच्या खांद्यावरून सोडवलं आणि समोर तोंड करून त्याच्या मांडीवर बसवलं.

"हिला भरती शिकव, न्हायतर नको शिकवू, तुझी मर्जी," ती म्हणाली. "पन मोठी होऊन ही काय इचारायला आली, तर आधी तिचं बोलनं पुरं होऊ दे."

अनंतानं मान हलवली. पोर अजून बडबडत होती, आणि तो ऐकत बसला.